एकच अंग, तीन साइज

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २० वर्षांची, विद्यापीठात शिकते. पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न. तिच्याकडचा एका कंपनीचा एल साइजचा कुर्ता ढगळ होतो, दुसऱ्या कंपनीचा एक्सएल नेमका बसतो आणि लग्नासाठी घरपोच मागवलेल्या लेहेंग्याची एक्सएल चोळी पाठीत चार बोटं उघडी राहते. त्या दिवसापासून तिनं रात्रीची भाकरी सोडलीय. वजन खरंच वाढलंय की साइजच चुकीची आहे आणि तिला समजवायचं कसं, असं तुम्ही विचारताय.

मी कोल्हापुरात ३१ वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. मध्ये चार वर्षं एका रेडीमेड कारखान्यात कटिंगच्या टेबलावर होते. त्यामुळे अंगावरून कपडा बेतणं आणि कपड्याच्या मापात अंग बसवणं, दोन्ही कामं या हातांनी केलीत. वजनाचं मला सांगता येणार नाही, ते काट्यावर कळेल. पण तुम्ही दिलेल्या तीन कपड्यांवरून वजनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. एकाच आठवड्यात, त्याच अंगावर एक कपडा ढगळ, एक बरोबर, एक तोकडा. अंग तेच होतं. बदलत होते ते कपडे.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण मुलीला 'तू छान दिसतेस गं' म्हणून काही उपयोग होत नाही. ती वीस वर्षांची आहे, तिला कारण लागतं.

कारखान्यात नवीन डिझाइन निघतं ते आधी एकाच मापावर शिवतात, बहुतेक ठिकाणी एस किंवा एम. त्यासाठी एक बाई ठरलेली असते, तिला फिट मॉडेल म्हणतात. ती उभी राहते, मास्तर टाचण्या लावतो, गळा वर, बाही खाली, असं करत तिच्या अंगावर तो कपडा अगदी गोड बसेपर्यंत खटपट चालते. मग तो पॅटर्न पास होतो. पुढच्या साइज कुणाच्याही अंगावरून बनत नाहीत. त्या हिशेबानं वाढवतात. छातीत दोन इंच वाढव, कंबरेत दोन इंच, खांद्यात पाव-अर्धा इंच, उंचीत थोडं. याला ग्रेडिंग म्हणतात. आधी हे कागदावर पट्टीनं करायचे, आता कॉम्प्युटरवर होतं. एमचा एल, एलचा एक्सएल, एक्सएलचा डबल एक्सएल. प्रत्येक पायरीला मूळ बाईपासून आपण एक पाऊल लांब जातो. फोटोकॉपीची फोटोकॉपी काढत गेलं की अक्षरं पसरतात ना, तसंच.

पण माणूस असा सगळीकडून सारखा वाढत नाही. बाई अंगानं भरली तर तिच्या खांद्याची हाडं काही रुंद होत नाहीत. वाढ होते ती छातीला, दंडाला, पोटाला, मांडीला; कुणाला कुठं, कुणाला कुठं. हिशेबानं वाढवलेला डबल एक्सएल मात्र खांद्यातही वाढलेला असतो, गळ्यातही आणि मुंढ्यातही, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात. म्हणून मोठ्या साइजचे कुर्ते खांद्यावरून घसरतात, गळा बाहेर पडतो, ब्रेसियरची पट्टी दिसते आणि तरी दंडात मात्र आवळतात. दंड आवळला म्हणून बाई आणखी मोठी साइज घेते, मग खांदा आणखी घसरतो. आरशात बघून तिला वाटतं, आपलं अंगच बेढब. माझ्या टेबलासमोर उभी राहून असं म्हणणाऱ्या बायका मी शेकड्यानं पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याच जणींचं काम दंडात अर्धा इंच सोडून आणि खांद्यात पाऊण इंच आत घेऊन झालंय.

दुसरी गोष्ट छातीच्या आकड्याची. ३८ म्हणजे काय? टेप अंगाभोवती फिरवली, आकडा आला ३८. पण एकीची पाठ रुंद आणि पुढून सपाट, दुसरीची पाठ चिंचोळी आणि पुढं भरलेली. टेपला दोघी सारख्याच. पहिलीचं ब्लाउज दुसरीला घातलं तर पाठीत झोळ पडेल आणि पुढं हूक लागणार नाहीत. आमच्याकडे कटोरी ब्लाउज शिवतात ते त्याचसाठी. कटोरीचे तुकडे वेगळे कापले की पुढची गोलाई त्या बाईपुरती कमी-जास्त करता येते. प्रिन्सेस कटमध्येही ते जमतं. रेडीमेड चोळीत पुढच्या गोलाईचा एकच अंदाज धरलेला असतो आणि तो मध्यम अंगाचा असतो. तुमच्या मुलीच्या चोळीचं मला नव्वद टक्के हेच वाटतंय. पाठ चार बोटं उघडी म्हणजे साधारण तीन इंच कमी. कुर्ता एल ढगळ आणि चोळी एक्सएल तोकडी, तर गडबड पुढच्या गोलाईची आणि लूजिंगची आहे.

लूजिंग म्हणजे अंगाच्या मापापेक्षा कपड्यात जास्तीची ठेवलेली जागा. साडीवरच्या ब्लाउजला छातीत इंच-दीड इंच, फार तर दोन. कुर्त्याला तीन-चार इंच. हल्लीच्या त्या सैल शर्टांना सहा-आठसुद्धा. त्यामुळे एल लिहिलेला कुर्ता टेपवर ४२ भरतो आणि एक्सएल लिहिलेली चोळी ४०. लेबल बघितलं तर चोळी मोठी, टेप लावली तर कुर्ता मोठा. लेबल कुणासाठी हे सांगतं, कपडा किती हे नाही. नीट बघा, कित्येक लेबलांवर एम-एलच्या शेजारी सेंटिमीटरमध्ये बारीक आकडा असतो. तो अंगाचा की कपड्याचा हे पाहिल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करायचीच नाही.

आणि कंपनीच्या अक्षरांवर कुणाचंही बंधन नाही. एम म्हणजे अमुक इतके इंच असं सगळ्यांनी पाळायचं काही ठरलेलं नाही. तरुण पोरींना विकणारी कंपनी एम बारीक धरते. चाळिशीच्या बायकांना विकणारी कंपनी तोच एम सैल करते, कारण गिऱ्हाइकाला एम घालायला मिळाला की बरं वाटतं आणि ती परत येते. याला व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. पुरुष यात मागे नाहीत बरं का. ३४ कंबर लिहिलेली जीन्स टेपनं मोजा, ३६ निघाली तर नवल वाटून घेऊ नका. आमच्या घरातले पुरुष गेली पंधरा वर्षं ३४ चीच पँट घालतात आणि पट्ट्याला मात्र नवी भोकं पाडून घेतात.

आकडे कसे सरकतात याची अमेरिकेतली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथं पुरुषांच्या मापांचं बरंच आधी जमलं. यादवी युद्धात सैनिकांना हजारोंनी गणवेश लागले, तेव्हा मापांचे ठोकताळे बसले. बायकांचं घोडं अडलं. टपालानं मागवलेले कपडे बसत नाहीत म्हणून परत यायचे. मग १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारच्या शेती खात्यानं सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. शेती खात्यानं! (गृहशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे होता म्हणून.) त्यात शेवटच्या हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. त्यावर १९५८ मध्ये साइजचं प्रमाण जाहीर झालं. त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ आणि कंबर साडेतेवीस इंच. कंपन्यांनी ते हळूहळू गुंडाळून ठेवलं, १९८३ मध्ये सरकारनंही ते मागे घेतलं. आज तिथला ८ नंबर छातीला ३६ च्या पुढेच सापडतो. म्हणजे आजीनं घातलेला ८ नातीला चढणार नाही, तरी दोघींच्या कपड्यावर ८ च लिहिलेलं. या आकड्यावर कुणी आपलं जेवण ठरवायचं?

आपल्याकडे तर आपलं स्वतःचं प्रमाणच नव्हतं. कंपन्यांनी इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते घेतले आणि थोडे इकडेतिकडे केले. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घेतली, तिचं उद्दिष्ट १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून जास्त लोकांची मापं घ्यायचं. टेपनं नाही, अंगाला हात न लावता स्कॅनरनं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग अशी सहा शहरं त्यासाठी निवडली. कल्पना चांगली आहे. पण एक तक्ता आला की सगळ्यांना सगळं बसेल असं कुणी समजू नये. शिलाँगची मुलगी आणि कागलची मुलगी एका अक्षरात बसवायची तर दोघींनाही थोडं थोडं टोचणारच.

कटिंगच्या टेबलावरची एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. कापडाचे थर एकावर एक टाकतात, पन्नास, साठ, कधी शंभर. त्यावर मार्कर, म्हणजे सगळे तुकडे आखलेला कागद, ठेवून यंत्राच्या सुरीनं एकदम कापतात. सुरी जरा तिरपी झाली की वरच्या आणि खालच्या थरात फरक पडतो. वर शिलाईत एक कारागीर कडेचं कापड आत जास्त दाबतो, एक कमी. अर्ध्या इंचाचा फरक तर कारखाना चालवूनच घेतो, तसा तो कागदावर मंजूर असतो. त्यामुळे त्याच कंपनीचे, त्याच साइजचे, त्याच रंगाचे दोन कुर्ते वेगळे बसू शकतात. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं. ४० इंचाचा कुर्ता चार टक्के आटला तर दीड इंचाच्या वर गेला, म्हणजे जवळपास एक साइज. बायका दोन धुण्यांनंतर तो कुर्ता घालतात आणि म्हणतात, 'दिवाळीत जरा जास्तच खाल्लं वाटतं.' कुर्त्यानं खाल्लं, तुम्ही नाही.

आणि माया. आम्ही शिवणारे लोक शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतो. ब्लाउजच्या दोन्ही बगलांना इंच-इंच, दीड-दीड इंच माया ठेवायची, ही माझ्या गुरूंची पहिली शिकवण. मुलीचं लग्न झालं, बाळंतपण झालं, तरी तेच ब्लाउज उसवून पुढं चालायचं. माझ्याकडे एका आजींचं पोलकं आलं होतं, त्यावर आत शिलाईच्या चार रेघा होत्या. चारही त्यांच्याच. रेडीमेडमध्ये कापड वाचवायचं म्हणून ओव्हरलॉक मारून कडेला जेमतेम पाव ते अर्धा इंच ठेवतात. अंग जरासं बदललं की तो कपडा बाद आणि बाईला वाटतं आपण बाद.

आपल्या आज्यांना साइज हा शब्दच नव्हता. नऊवारीला साइज कुठली? तीच साडी सासू नेसायची, सूनही नेसायची. निऱ्यांत दोन-चार कमी-जास्त एवढाच फरक. अंगाची झडती घेणारं म्हणाल तर एकच वस्त्र, पोलकं किंवा झंपर, आणि तेही अंगावर बेतून शिवलेलं. जुना काळ चांगला होता असं म्हणायचा माझा मुळीच इरादा नाही, तेव्हा बायकांना आणखी हजार जाच होते. पण कपड्यानं पास-नापास करायचा जाच तेवढा नव्हता. आजही बघा, भवानी मंडपाजवळ चप्पल लाइनमध्ये जा. पाय मोठा निघाला म्हणून तिथं कुणी रडत नाही. 'अंगठा जरा घट्ट आहे, वापरून सैल होईल' म्हणतो दुकानदार, आणि होतोही. दोष पायाचा, असं तिथं कुणाच्या मनातही येत नाही.

हा दोष अंगाचा आहे, हे पोरी शिकतात कुठं? फोन, जाहिराती, सिनेमा हे आहेच. पण मी सांगते, पहिला धडा लहान मुलांच्या कपड्याच्या दुकानात मिळतो. मुलांच्या कपड्यावर माप नसतं, वय असतं. '८-९ वर्षे', '१०-११ वर्षे'. नऊ वर्षांची धट्टीकट्टी मुलगी असते, तिला १२-१३ चा फ्रॉक बसतो. दुकानदार सगळ्यांसमोर म्हणतो, 'हिला तेराचा लागंल.' आई कसनुसं हसते. त्या पोरीला त्या दिवशी कळतं की आपण आपल्या वयात बसत नाही. दरवर्षी जूनमध्ये गणवेशाच्या गर्दीत हे चालतं. माझी आयांना एकच विनंती असते, लेबल कापून टाका आणि मग फ्रॉक घरी न्या.

दुसरा धडा आम्ही शिंपी देतो. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. पूर्वी बायकांची मापं दुकानात मास्तर घ्यायचे आणि पोरगा वहीत लिहायचा. मास्तर ओरडायचे, 'छाती चाळीस, कंबर छत्तीस, सीट चव्वेचाळीस!' बाहेर बाकावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांना सगळं ऐकू जायचं. मी दुकान काढलं तेव्हा मीही तसंच केलं, कारण तेच पाहिलं होतं. एकदा सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आली, कॉलेजच्या साडी डेसाठी ब्लाउज शिवायला. सीटचं माप घेताना मी मदतनीस बाईला हसत म्हटलं, 'अगं, मोठी टेप आण, ही पुरायची नाही.' तिची आई हसली, मदतनीस हसली, मीही हसले. मुलगी आरशाकडे बघत होती. ब्लाउज न्यायला आईच आली.

सात-आठ वर्षांनी तीच मुलगी लग्नाचं ब्लाउज शिवायला आली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, 'मावशी, माप घ्या, पण आकडा बोलू नका.' तेव्हा आठवलं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आकडा तोंडानं बोलत नाहीत. मीच घेते, मीच लिहिते. आत पडदा आहे, मदतनीस बाहेर. आणि माप घेताना मी अंगाबद्दल काही म्हणत नाही, चांगलंही नाही. 'किती बारीक झालात' हेही म्हणत नाही. हे कौतुक म्हणून म्हटलेलं असतं, पण ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं की आधी आपण नजरेत भरत होतो.

आपल्या बोलीकडेच जरा कान द्या ना. मुलगा भरलेला असला की 'काय अंगपिंड हाय गड्याचा!' आणि मुलगी भरली की 'अंगानं सुटली'. तान्ह्या बाळानं बाळसं धरलं की दृष्ट काढतो, त्याच पोरीला चौदाव्या वर्षी 'जरा भात कमी कर' म्हणतो. बारीक असली तरी सुटका नाही, 'काटकुळी', 'घरात जेवायला घालत नाहीत का'. मी जिच्या घरी लग्नाचे कपडे द्यायला जाते तिथं दाराशीच चार मावश्या हेच बोलत असतात. तुमच्या मुलीला चोळीनं रडवलं असेल, पण भाकरी एकट्या चोळीनं सोडायला लावली नसणार. घरात, नात्यात कोण काय बोललं ते एकदा आठवून बघा. रागावू नका, मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्या मोठ्या टेपेची गोष्ट मी आत्ताच सांगितली.

मुलग्यांचंही जाता जाता. मी पुरुषांचं शिवत नाही, पण माझा भाऊ शिवतो, त्याच्याकडे तालमीतली पोरं येतात. तयार सुटात कोट ४० छातीचा असेल तर पँट ३४ कंबरेची, सहा इंचांचा फरक ठरलेला. पैलवानाची छाती ४६ आणि कंबर ३४. कोट छातीला बसला की पोटाशी तंबू, पँट मांडीत अडकते. भाऊ म्हणतो, दुकानातून फिरून फिरून शेवटी येतात तेव्हा ही अंगानं डोंगर असलेली पोरं खालमानेनं उभी असतात, 'अण्णा, आमास्नी कायच बसत न्हाई.' तालमीत मात्र त्यांना आकड्याची लाज नसते. तिथं वजनगट असतो, तो सांगतो कुणाशी खेळायचं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या गटात. म्हणून त्यांना कुणी लहान म्हणत नाही आणि जड गटातल्याला कुणी सुटलेला म्हणत नाही. वजनाचं तिथं काम आहे, तेवढंच ते करतं.

आता फोटोंचं. लेहेंगा तुम्ही फोटो बघून मागवला. फोटोतल्या मुलीच्या पाठीमागे काय असतं माहितीय? चिमटे. कपडा सैल असला की पाठीत चिमटे लावून पुढून चापून बसवतात. दुकानातल्या पुतळ्यांनाही मागून टाचण्या मारतात. राजारामपुरीत कुठल्याही दुकानात पुतळ्याच्या मागे जाऊन बघा, मुलीलाही घेऊन जा. एकदा ते पाहिलं की काचेतल्या कपड्याची जादू निम्मी उतरते. वर कॉम्प्युटरवर कंबर आत घेतात ते वेगळंच. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड केलेलं असेल तर 'फोटो बदललेला आहे' असं छापावं लागतं आणि मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो. इस्राएलनं २०१२ मध्ये असाच कायदा केला, अति बारीक मॉडेल जाहिरातीत घ्यायचीच नाही म्हणून. सरकारांना कायदे करावे लागले, म्हणजे त्या झगमगाटात पोरी उपाशी राहत होत्या हे उघडच आहे.

यापुढे मागवताना असं करा. मुलीला अगदी आवडतो आणि नीट बसतो असा एक कुर्ता आणि एक ब्लाउज निवडा. पलंगावर सपाट पसरा, ओढू नका. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, ती कपड्याची छाती. तसंच कंबर, सीट, खांदा, दंड आणि मुंढा. हे कागदावर लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. हे आकडे कपड्याचे आहेत, मुलीचे नाहीत, त्यामुळे त्यांची धास्ती वाटत नाही. विकत घेताना कपड्याचं माप दिलेलं असेल तर याच्याशी जुळवा, अक्षराकडे बघूच नका. अंगाचंच माप दिलेलं असेल तर अंगाची टेप लावा. टेप जमिनीला समांतर, आत एक बोट सरकेल इतकी सैल, पोट आत ओढायचं नाही. पाळीच्या आधी कंबर आणि पोट इंचभर फुगणं नेहमीचं आहे, त्या आठवड्यात मापं घेऊ नका. शंका असली तर खांद्याला बसेल ती साइज घेऊ नका, सगळ्यात मोठ्या भागाला बसेल ती घ्या. आत घेता येतं, वाढवता येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या टेपेच्या बाहेरची आहे. रात्रीचं जेवण आठवडाभर टाळलं आणि मग मैत्रिणींबरोबर मिसळ खाऊन विषय संपला, तर एवढं घाबरू नका. पण जेवण टाळणं वाढत चाललं, ती जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन बसू लागली, पाळी चुकली, चक्कर यायला लागली, दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहू लागली, लोकांत जाणं बंद केलं, तर समजावत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर, तिथंही बोलता येतं. लग्नाच्या आधी दोन-अडीच महिने उपाशी राहून माझ्या दुकानात मटकन खाली बसलेल्या नवऱ्या मुली मी पाहिल्यात. ब्लाउज त्यांना इतकं सैल झालं होतं की आदल्या दिवशी मला सगळं उसवावं लागलं. मुलीच्या अंगाला एवढं घडेपर्यंत घरात सगळे 'किती छान दिसायला लागली' म्हणत होते.

राहिली चोळी. परत पाठवायची मुदत गेली असेल तर काळजी नको. आत माया नसणार हे गृहीत धरून चला. लेहेंग्याच्या नेफ्यात किंवा घेराच्या आतल्या दुमडीत त्याच कापडाची पट्टी बहुतेक वेळा निघते, नाहीतर ओढणीच्या काठातून काढू. दोन्ही बगलांत दीड-दीड इंचाचा जोड घालते, मुंढ्याखाली चौबगला, म्हणजे काखेत चौकोनी तुकडा, बसवते म्हणजे हात वर करून नाचता येईल. पाठीचे हूक काढून दोऱ्या लावल्या तर दोन इंच आणखी हाताशी राहतात. पुढून कुणाला कळणार नाही, आणि ओढणी डाव्या खांद्यावरून घेतली तर बगलही झाकते. दीड-दोन तासांचं काम आहे.

तिला स्वतःला पाठवा, चोळी एकटी पाठवू नका. आणि दुपारी जेवून ये म्हणावं. लग्नाच्या कपड्याचं माप मी जेवल्यावरच घेते, कारण तो कपडा घालून पंगतीला बसायचं असतं.